आता पेशंट ठणठणीत

धडधाकट माणसाला रुग्णवाहिकेत झोपायला मिळत नाही, हा आपल्या समाजातला जुना अन्याय आहे. भालकीतल्या आमच्या एका मित्राने तो दूर करायचं मनावर घेतलं, म्हणून त्याचा जाहीर सत्कार व्हायला हवा. निदान शाल तरी. नारळ गाडीपुढे आधीच फुटलेला आहे.

कल्पना विलायतेतली. इंग्लंड-अमेरिकेत सेवेतून निघालेली रुग्णवाहिका घ्यायची, तिचं फिरतं घर करायचं आणि रस्ता सोडून रानावनात शिरायचं, असं एक वेड आहे. त्याला हिशेबही आहे. आत उभं राहता येतं, कपाटं आयती असतात, दिव्या-पंख्याचं वायरिंग केलेलं असतं. तिकडचे लोक अशा गाडीने वाळवंट ओलांडतात. आपण औरादपर्यंत जाऊ, सुरुवात म्हणून काय वाईट?

मित्राला खरं तर सरकारी गाडी हवी होती. कर्नाटकात 108 ची सेवा 1 नोव्हेंबर 2008 ला सुरू झाली, तेव्हा पहिल्या खेपेच्या गाड्या आता स्वस्तात मिळतील, असा त्याचा अंदाज. पण 1 एप्रिल 2023 पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरणच होत नाही, ती थेट भंगारात जाते. सरकारला पर्यटनाची कळकळ नाही ती अशी. मग एका खासगी दवाखान्याची ट्रॅव्हलर मिळाली. किती किलोमीटर चालली म्हणून विचारलं तर मीटर बंद. ही ट्रॅव्हलर मूळ मर्सिडीजच्या टी-1 गाडीवरून बेतलेली आहे, हे मित्र पहिल्या चहाच्या आत सांगतो. तेव्हापासून आम्ही हुरडा खायला मर्सिडीजमधून जातो.

आतली व्यवस्था बघण्यासारखी आहे. स्ट्रेचर ज्या रुळावरून आत सरकायचं, त्याच रुळावर आता गॅसची शेगडी आणि भांड्यांचा खण सरकतो. सलाइन टांगायच्या हुकाला मच्छरदाणी. ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी जी लोखंडी कडी होती, तीत पाच किलोचा गॅस चपखल बसला. नातेवाईक ज्या बाकावर पदर तोंडात धरून बसायचे, त्यावर जाड फोम आणि फुलाफुलांचं रेक्झिन. फिनेलचा वास तेवढा जात नाही. कांदा परतला की थोडा वेळ दबतो, मग कांद्यासकट परत येतो.

बाहेरून तर विचारूच नका. चाकांना दातेरी टायर, पाटे चढवून गाडी वर घेतलेली. पुढे जाडजूड बंपर गार्ड, जो 2017 पासून बेकायदा आहे. पण आमच्याकडच्या म्हशींना ते कोणी कळवलेलं नाही. छताच्या उंचीपर्यंत गेलेलं एक काळं नळकांडं आहे. पाणी बोनेटवर चढलं तरी इंजिनला हवा मिळावी, एवढ्यासाठी ते. उन्हाळ्यात मांजरेच्या पात्रात घोटाभर पाणी शोधत फिरावं लागतं, पण माणसाने तयारीत असावं.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की कंपनीने दिलेला आणि नोंदणीत लिहिलेला तपशील बदलेल असे फेरफार करू नयेत. सर्वोच्च न्यायालयाने 2019 च्या जानेवारीत हेच ठणकावून सांगितलं. आमच्या मित्राने सूक्ष्म विचार करून असं ठरवलं की न्यायालयाच्या डोळ्यांपुढे केरळातली गाडी होती. आपली केए-39.

पहिली मोहीम खानापूरच्या मैलार मल्लण्णाची. रस्ता डांबरी आहे, एसटी जाते, म्हणून मित्राने मुद्दाम शेतातली वाट धरली. आमची जमीन काळी. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि पहिल्या दोन सरींनंतर तिच्यात जे शिरेल ते तिचं. ट्रॅव्हलरला जोर फक्त मागच्या दोन चाकांचा. ती दोन्ही मेव्हण्यांसारखी जागच्या जागी जोरात फिरली आणि खाली बसली. नळकांडं मात्र वर होतं, त्यामुळे इंजिनचा श्वास अखेरपर्यंत व्यवस्थित चालू होता. तुरीच्या रानातून एक ट्रॅक्टरवाला आला. गाडीकडे बघून त्याने आधी विचारलं, “पेशंट कोण आहे?” आम्ही सगळे ठणठणीत आहोत म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. टोचन लावून त्याने गाडी ओढली, पैसे घेतले नाहीत. रुग्णवाहिकेचे पैसे घेत नाहीत म्हणाला.

काही शंकेखोर म्हणतात, रुग्णवाहिकेची अशी थट्टा बरी नव्हे. त्यांना आमच्या भागाची ओळख नाही. 1956 ला बीदर जिल्हा वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले, भालकी इकडे राहिली. तेव्हापासून आमचा आजारी माणूस मोहिमेवरच असतो. साधं दुखणं बीदरला, जरा वाढलं की लातूर नाहीतर सोलापूर, आणि अगदीच आशा सोडायची नसेल तर हैदराबाद. तीन राज्यं, तीन भाषा, आणि खड्डे मात्र एकाच शाळेत शिकलेले. 2021 च्या मे महिन्यात तर तेलंगणाने शेजारच्या राज्यांतून येणाऱ्या रुग्णवाहिका सीमेवर अडवल्या, आणि उच्च न्यायालयाला मध्ये पडावं लागलं. त्या दिवसांत ज्यांनी आत झोपून ती वाट धरली, त्यांच्या गाडीला ना दातेरी टायर होते ना नळकांडं. मोहिमेची साधनं मोहीम संपल्यावर आली, एवढंच.

गाडीचीही तब्येत सुधारली आहे. पेशंट नेत होती तेव्हा आत एक पंखा होता, तोही वरातीत रुसलेल्या माणसासारखा तोंड फिरवून बसलेला. आता फ्रिज आहे, इन्व्हर्टर आहे, छतावर सोलरची पाटी आहे. औषधांच्या खणात बँडेज, ओआरएस, साप चावल्यावर काय करावं त्याचं छापील पत्रक. माझा प्रामाणिक सल्ला असा की आपल्याला खरंच काही झालं, तर याच गाडीतून न्यावं. टोल तेवढा भरावा लागेल; तो खऱ्या रुग्णवाहिकेलाच माफ असतो.

मित्राला एकच दुःख आहे. निळा दिवा आणि सायरन उतरवावा लागला. बोनेटवरची उलटी अक्षरं खरवडली, तरी उन्हात ती अजून दिसतात, आणि पुढच्या गाड्या आरशात बघून आपसूक बाजूला होतात. तो हात हलवून आभार मानतो. तुम्ही त्या रस्त्यावर असाल तर कृपा करून बाजूला व्हाच. दातेरी टायर आहेत का, हे आरशात न्याहाळत बसू नका. मागची गाडी खरी निघाली आणि वाट दिली नाही, तर कलम 194-ई खाली दहा हजार रुपये दंड आहे, सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते.