जावईबापू, कारण तरी सांगा!

प्रति,
श्री. बिनतारी स्पीकरराव,
मुक्काम : दिवाणखाना, शोकेसचा वरचा कप्पा.

सा. न. वि. वि.

तुमच्या सरबराईत आमचं नेमकं काय कमी पडलं, ते एकदा कळू द्या. शोकेसमधला नटराज आणि मुलांच्या शाळेतले चषक हलवून तुम्हाला मोक्याची जागा दिली. एक्स्टेंशन बोर्डाच्या गर्दीत न बसवता भिंतीतलं स्वतंत्र सॉकेट दिलं. सौ.नी तर क्रोशाचा रुमाल काढला होता. आवाज दबेल म्हणून तो मुलाने परत ठेवायला लावला. एवढं करून तुम्ही काय केलंत? नारिंगी दिवा मिचकावत रुसून बसलात.

रुसण्याला आमची हरकत नाही. रुसणं हा जावयाचा हक्क आहे आणि रुसवा काढणं हे सासऱ्याचं काम. पण खराखुरा जावई रुसला तर त्याचं कारण दोन दिवसांत या ना त्या विहिणीकडून कानावर येतं : धोंड्याच्या महिन्यात चांदीचं ताट आलं नाही, पंगतीत आधी धाकट्या जावयाला वाढलं, असं काहीतरी. तुमच्या बाबतीत ताकास तूर लागत नाही.

तुम्ही स्वतः बोलायचं नाही आणि सगळं मोबाइलमधल्या अ‍ॅपने सांगायचं, हा तुमच्या घराण्याचा रिवाज दिसतो. या मध्यस्थाचा मान वेगळाच. त्याला आधी फोनचं लोकेशन चालू हवं. तुम्ही हाताच्या अंतरावर बसलेले, तरी आम्ही पृथ्वीवर कुठे आहोत हे त्याला कळायला हवं! यामागे एक तर्क आहे, तोही मान्य करतो. आसपासच्या वाय-फायची नावं वाचली की माणूस कुठे आहे ते ओळखता येतं, म्हणून अँड्रॉइड ती यादी दाखवण्याआधी लोकेशनची परवानगी मागतं. आयफोनवाल्यांचा जाच निराळा. २०२० सालच्या आयओएस १४ पासून घरच्या नेटवर्कवरची उपकरणं शोधायला वेगळी परवानगी लागते. ती खिडकी उघडते तेव्हा घाईत कुणाचा अंगठा 'नको'वर पडला, की अ‍ॅपला समोरचा स्पीकर दिसत नाही आणि का दिसत नाही हेही ते सांगत नाही. सेटिंग्जमध्ये जाऊन ती परवानगी द्यायची असते, ही माहिती आम्हाला नववीतल्या भाचीने दिली.

पुढचा विधी तर अजब. ओळख होईपर्यंत तुम्ही स्वतःचंच एक चिमुकलं वाय-फाय उघडता आणि फोनने तिथे येऊन आमच्या घरचा पासवर्ड तुमच्या कानात सांगायचा. फोन येतो, पाहतो तर तिथे इंटरनेट नाही. मग तो, आपल्या भल्याचंच समजून, गुपचूप मोबाइल डेटावर पळून जातो आणि अ‍ॅप जाहीर करतं : स्पीकर सापडला नाही. यावर उपाय एवढाच, की तेवढ्यापुरता मोबाइल डेटा बंद करायचा, आणि ऑफिसचं व्हीपीएन चालू असेल तर तेही. तुमच्या खोक्यातल्या पत्रकात हे कुठेही नाही. उपकरणावर पाणी ओतू नये, एवढं मात्र जगातल्या यच्चयावत भाषांत छापलंय.

आता लहरींचं बोलू. हल्लीचा राउटर साधारणपणे दोन पट्ट्यांवर बोलतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिल्याची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांब. ती भिंती ओलांडून लांबवर पोचते, पण वेगाला कमी. दुसरा पट्टा वेगवान, पण मधे दोन भिंती किंवा एखादं लोखंडी कपाट आलं की त्याचा दम निघतो. तुमच्यासारख्या बऱ्याच मंडळींना फक्त २.४ कळतं. खोक्यावर 'वाय-फाय' हे ठळक अक्षरांत आणि '२.४' हे तळाशी, बारकोडच्या शेजारी, मुंगीच्या अक्षरांत. त्यातून राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतो. बहुतेक वेळा त्याने काही बिघडत नाही. पण काही राउटरांना प्रत्येकाला ५ कडे ढकलायची हौस असते. ते २.४ वरच्या पहिल्या हाकेला ओच देत नाहीत, आणि तुमचा स्वभाव दुसरी हाक मारण्याचा नाही.

तरी २.४ वर सुखाने नांदाल म्हणावं, तर आमच्या सोसायटीत घरटी एक राउटर. या पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर न येणारी चॅनेलं तीनच, १, ६ आणि ११. त्यांत सगळी इमारत कोंबलेली. भरीला स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे तुमच्याच अंगणात. तिसऱ्या मजल्यावरच्या घरात भाजी गरम करायला ठेवली की त्यांचा स्पीकर अडखळतो, हे मी या कानांनी ऐकलंय. त्यांचा निदान अडखळण्याइतका तरी गातो.

पण ही सगळी कारणं मला माणसांकडून कळली, तुमच्याकडून एकही नाही. माझा राग आहे तो यावर. तुम्ही काय सांगता? "काहीतरी चुकलं. पुन्हा प्रयत्न करा."

काहीतरी! जावईबापू, तुम्हाला पुष्कळदा पक्कं ठाऊक असतं. वाय-फायचं आयट्रिपलई ८०२.११ हे मानक १९९७ मध्ये आलं. त्यात जोडणी का नाकारली किंवा का तोडली, याच्या कारणांना चक्क क्रमांक दिलेले आहेत. १७ नंबरचं उत्तर आलं, तर राउटरवर आणखी उपकरणांना जागा नाही. १५ नंबर आला, तर दोघांमधली चार निरोपांची देवघेव वेळेत पुरी झाली नाही. या देवघेवीत पासवर्ड हवेतून जातच नाही. तो आपल्याला माहीत आहे एवढंच दोघं एकमेकांना पटवतात. पटलं नाही की राउटर थोडा वेळ वाट पाहतो आणि १५ नंबर लावून मोकळा होतो. म्हणजे या आकड्याचा अर्थ बहुतेक वेळा एकच : पासवर्ड चुकला. राउटरकडून पत्ता मिळाला नाही, तर तुमच्यातले कित्येक जण १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच लावून घेतात. तो आकडा दिसला की जाणकार लगेच ओळखतो, की नेटवर्कमध्ये शिरकाव झाला पण पत्ता देणारं कुणी भेटलं नाही. इतकी नेमकी माहिती पोटात ठेवून तुम्ही तोंडात मिठाची गुळणी धरता. आणि तुम्ही कोण? तर स्पीकर. घरातल्या साऱ्या वस्तूंमध्ये ज्याला परमेश्वराने तोंडच तेवढं दिलंय, तो!

कस्टमर केअरला फोन लावला. पलीकडच्या मुलीने फार गोड आवाजात राउटर बंद करून चालू करायला सांगितला. या सल्ल्याला मी हसणार नाही, त्याने खरोखर अनेकदा काम होतं. मात्र आमच्या भागात लाइट गेली-आली की हा उपचार आपोआपच होतो, आणि त्यात तुमचा आणखी एक गुण दिसतो. तुम्ही काही सेकंदांत जागे होता, राउटरला फायबरसकट उभं राहायला दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढा धीर नसल्याने तुम्ही इकडेतिकडे बघून परत रुसता.

शेवटी फायबर कंपनीचा मुलगा आला. त्याने चहा नाकारला, फोनवर १९२.१६८.१.१ हे राउटरच्या सेटिंग्जचं पान उघडलं आणि क्षणभर पाहून म्हणाला, "काका, राउटरवर नुसतं डब्ल्यूपीए-३ आहे. ह्याला डब्ल्यूपीए-२ च्या पुढचं येत नाही." २०१८ साली आलेली नवी कुलूपपद्धत तुमच्या घराण्यात अजून पोचलीच नव्हती तर. त्याने दोन्ही चालतील असा मिश्र पर्याय निवडला, २.४ ला वेगळं नाव दिलं. तुमचा दिवा पांढरा झाला. तरी अ‍ॅपला तुम्ही दिसेनात, कारण माझा फोन पाहुण्यांच्या नेटवर्कवर होता. तिथल्या माणसाला घरातलं कुणी दिसू नये अशीच व्यवस्था असते. अ‍ॅपने नेटवर्कभर मारलेली 'कोण आहे रे?' ही हाक त्या भिंतीपाशीच थांबते. फोन इकडे आणला आणि तुम्ही दिसलात.

मी त्या मुलाला विचारलं, "एवढंसं कारण हा स्वतःच्या तोंडाने का सांगत नाही?"

तो म्हणाला, "काका, कारण सांगितलं तर लोक ते दुरुस्त करून मागतात. 'काहीतरी चुकलं' म्हटलं की लोक स्वतःलाच दोष देतात."

पोरगा पुढे जाणार.

तेव्हा, जावईबापू, आता गाताय तोवर मागणी नोंदवून ठेवतो. पुढच्या वेळी रुसाल तेव्हा खालीलपैकी एक वाक्य मराठीत, मोठ्याने उच्चारावं : "पासवर्ड जुळला नाही." "राउटरवर जागा नाही." "मला हे नवं कुलूप उघडता येत नाही." "तुमचा फोन पाहुण्यांत बसलाय." उच्चार थोडे इकडेतिकडे झाले तरी चालतील. मध्यरात्री बोललात तरी चालेल, शेजाऱ्यांचं आम्ही पाहून घेऊ.

कळावे, लोभ असावा.

आपला,
सासरेबुवा
(राउटरचे बिल भरणारे)

ता. क. : उत्तर अ‍ॅपमार्फत पाठवू नये.