अर्ज त्रुटीत आहे

सन्माननीय नवनिर्वाचित नगरसेवक महोदय यांसी, एका निवृत्त अनुज्ञापन निरीक्षकाचा सा. न. वि. वि.

(ताई निवडून आल्या असतील तर हे पत्र ताईंनीच वाचावं. यजमानांनी परस्पर वाचून 'कळवतो' म्हणू नये.)

१५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं, गुलाल उधळला, चौकाचौकांत आपले बॅनर लागले. बॅनर विनापरवाना होते, पण त्यावर खुद्द आपणच हात जोडून उभे असल्यामुळे खात्याची दृष्टी तिथपर्यंत पोचली नाही. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली होती, पुण्याचीही त्याच महिन्यात. तेव्हापासून जवळपास चार वर्षं प्रशासक होते. प्रस्ताव आणणारे तेच, मंजूर करणारे तेच. गोंधळ नाही, सभात्याग नाही, कुणी राजदंड पळवत नाही. आता आपण आलात, आणि 'परवाना खात्यावर कडक देखरेख ठेवू' असं आपल्या जाहीरनाम्यात वाचलं. वाचून काळजी वाटली, म्हणून चार गोष्टी सांगतो. रागवू नये.

लोकांचा असा समज आहे की परवाने देणं हे अनुज्ञापन खात्याचं काम. तसं असतं तर दोन कारकून आणि एक शिक्का पुरला असता. खात्याचं खरं काम परवाने प्रलंबित ठेवणं हे आहे. परवाना मिळालेला माणूस मुदत संपेपर्यंत खात्याला ओळख दाखवत नाही. प्रलंबित माणूस रोज नमस्कार करतो, चहा सांगतो, 'साहेब, घरी सगळं ठीक?' विचारतो. एवढा जिव्हाळा एका सहीने संपवायचा, हे कोणत्या सुसंस्कृत माणसाला जमेल?

नवीन लोक इथे एक चूक करतात, अर्ज नामंजूर करतात. नामंजूर कधीही करू नये. २०१५ साली महाराष्ट्रात लोकसेवा हक्क अधिनियम आला. 'आपली सेवा आमचे कर्तव्य' हे त्याचं ब्रीद. कोणती सेवा, किती दिवसांत, कोणता अधिकारी, अपील कुणाकडे, असा तक्ता तेव्हापासून कार्यालयात लावावा लागतो. विनाकारण उशीर केला तर अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड. नामंजूर केलं तर कारण लेखी द्यायचं, त्यावर पहिलं अपील, दुसरं अपील, पुढे आयोग. कायदा वाचून खात्यात दोन दिवस कुणाला डबा गेला नाही. मग एका जुन्या हेडक्लार्कने चष्मा पुसत दाखवून दिलं, की दिवस मोजायचे ते अर्ज सर्व कागदपत्रांसह परिपूर्ण दाखल झाल्यापासून. आणि अर्ज परिपूर्ण आहे की नाही हे ठरवतं कोण? आपणच.

तेव्हापासून आमच्याकडे अर्ज नामंजूर होत नाहीत. ते त्रुटीत निघतात. फोटोला पार्श्वभूमी पांढरी हवी. पांढरी असेल तर कान दिसायला हवेत. कान दिसत असतील तर वीजबिल तीन महिन्यांच्या आतलं हवं. आणि अर्जदार ते आणायला घरी गेला की त्याच्या फोटोला सहा महिने पूर्ण होतात. घड्याळ सुरूच होत नाही, म्हणून उशीरही होत नाही.

आता आपल्या वॉर्डातला सगळ्यात नाजूक विषय, फेरीवाला. रस्त्यावर धंदा करणं हाही घटनेने दिलेला व्यवसायाचा हक्क आहे आणि त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये सोदन सिंग खटल्यात सांगितलं. २०१४ मध्ये संसदेने पथविक्रेत्यांसाठी स्वतंत्र कायदाच केला. दर पाच वर्षांनी किमान एकदा सर्वेक्षण करा. नगर पथविक्रेता समिती नेमा, तिच्यात चाळीस टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडून दिलेले आणि त्यांतल्या एक तृतीयांश महिला. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणालाही उठवू नका.

हे शेवटचं वाक्य वाचून आपण दचकला असाल. दचकू नये. आम्ही ते फार बारकाईने वाचलं आहे. सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत उठवायचं नाही हे खरं. पण ज्याचं सर्वेक्षणच झालेलं नाही तो फेरीवाला आहे, असं म्हणणार कोण? तो अतिक्रमण आहे. आणि अतिक्रमणाला या कायद्याचं संरक्षण नाही.

याबाबतीत मुंबई ही आम्हा सगळ्या महापालिकांची थोरली. तिथे २०१४ मध्ये सर्वेक्षण झालं. सुमारे १ लाख २८ हजार अर्ज वाटले, ९९ हजारांवर भरून आले. कागदपत्रं, अधिवासाचा दाखला, छाननी असं करत करत समितीच्या निवडणुकीच्या मतदारयादीत उरले सुमारे ३२ हजार. मतदान झालं २९ ऑगस्ट २०२४ ला, म्हणजे कायदा आल्यावर दहा वर्षांनी. घाईत कामं बिघडतात, हे थोरलीला पक्कं ठाऊक आहे.

कायद्याने लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत फेरीवाले सामावून घ्यायला सांगितले आहेत. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख. हिशेब केला तर तीन लाख येतात. यावरून कुणी सभागृहात आवाज चढवला तर शांतपणे उत्तर द्यावं की अडीच टक्के ही कमाल मर्यादा आहे, किमान नव्हे. बत्तीस हजार हे तीन लाखांच्या आतच आहेत. कायद्याचं तंतोतंत पालन झालेलं आहे.

जागेचंही तसंच. २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वे स्टेशनापासून दीडशे मीटर आणि शाळा, देवळं, इस्पितळं यांच्यापासून शंभर मीटर फेरीवाल्यांना मनाई कायम केली. गर्दीच्या जिन्यावर काय होतं ते एल्फिन्स्टन रोड स्टेशनाच्या चेंगराचेंगरीत त्याच वर्षी दिसलं होतं, तेव्हा कारणाशी वाद नाही. फक्त आपण आपल्या वॉर्डाचा नकाशा घ्या, कंपास घ्या आणि ही सगळी वर्तुळं काढा. जे काही कोरं उरेल ते फेरीवाला क्षेत्र म्हणून जाहीर करता येईल. समुद्रकाठच्या शहरात बहुधा समुद्र उरतो.

कारवाई कशी चालते ते आपण एकदा पाहून ठेवा. संध्याकाळी चारचा सुमार. कोपऱ्यावरून कुणीतरी 'गाडी आली!' ओरडतं. ताडपत्रीचे चार कोपरे एका मुठीत येतात, त्यात मेथी, कोथिंबीर, टोमॅटो, वजनकाटा काखेत, आणि मावशी समोरच्या सोसायटीच्या जिन्याखाली. वॉचमन दुसरीकडे बघतो, कारण सकाळची लिंबं त्याने तिच्याकडूनच नेलेली असतात. जिचे गुडघे दुखतात तिची टोपली मात्र फुटपाथवर राहते. ती उचलायची.

उचलल्यावर पंचनामा. कायदा म्हणतो, जप्त मालाची यादी द्या. आम्ही देतो: 'भाजीपाला, टोपलीसह, एक नग.' मावशी म्हणते बारा जुड्या होत्या. आमच्या लेखी नग एक. पुढे कायदा म्हणतो, नाशवंत माल मागणी केल्यास त्याच दिवशी परत करा, इतर माल दोन कामकाजाच्या दिवसांत. आता दंड भरायचा वॉर्ड ऑफिसात, माल सोडवायचा शहराच्या दुसऱ्या टोकाच्या गोदामातून, आणि पैसे भरण्याची खिडकी बंद होते तीनला. गाडी आली होती चारला. त्याच दिवशी माल परत करायला आमची ना नाही. पण तो दिवसच शिल्लक नसतो. दुसऱ्या दिवशी मेथी घ्यायला कुणी येत नाही, आणि खात्यात बेवारस मेथीची नोंद होते.

आणि कुणी म्हणेल, की महापालिका या लोकांना ओळखच देत नाही, तर तो सरळसरळ अन्याय आहे. मुंबईत एके काळी फेरीवाल्यांकडून पैसे घेऊन रीतसर पावती फाडली जायची. पावतीवरचं शीर्षकच अनधिकृत जागावापर व कचरा उचलण्याचा आकार अशा अर्थाचं. पैसे अधिकृत, पावती अधिकृत, तिजोरीतला भरणा अधिकृत. अनधिकृत फक्त पैसे देणारा. इतकं निर्मळ वाक्य शासकीय मराठीत पुन्हा लिहिलं गेलं नाही. पुढे त्या पावत्या बंद झाल्या. पैसे देणारे तेवढेच राहिले, फक्त कागदाचा खर्च वाचला.

हल्ली गोष्टी अधिक आधुनिक झाल्या आहेत. २०२० मध्ये केंद्राने पीएम स्वनिधी योजना आणली. फेरीवाल्याला तेव्हा सुरुवातीला दहा हजार रुपये बिनतारण खेळतं भांडवल मिळायचं. ज्याच्याकडे ओळखपत्र किंवा प्रमाणपत्र नाही त्याला शिफारसपत्र द्यायचं महापालिकेने. त्यामुळे आता पहिल्या मजल्यावर आम्ही लिहून देतो की सदर इसम आमच्या हद्दीत पथविक्री करतो, त्याला कर्ज द्यावं. त्या कर्जातून तो हातगाडी घेतो. तळमजल्यावरचं अतिक्रमण पथक ती हातगाडी उचलतं, कारण सदर इसम आमच्या हद्दीत पथविक्री करतो. दोन्ही मजल्यांच्या कागदांत शब्दाचाही फरक नाही. याला म्हणतात आंतरविभागीय समन्वय.

गाडीवाल्याकडे अन्न सुरक्षेचा चौदा आकडी नोंदणी क्रमांक असतो, बँकेचा क्यूआर कोड असतो. कागद नाही तो एवढाच, की तो उभा आहे ती जागा त्याची आहे. गाळेवाल्याला ही अडचण नाही. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांना गुमास्त्याच्या नोंदणीतून मोकळं केलं. नुसती ऑनलाइन सूचना दिली की झालं. सरकारचा विश्वास आहे लोकांवर, फक्त त्यांच्या डोक्यावर छप्पर असावं लागतं.

छपराचा विषय निघालाच आहे तर खात्याच्या नजरेबद्दल सांगतो. आमची नजर फुटपाथपासून कमरेपर्यंत फार तीक्ष्ण. त्याच्या वर मान नेली की चमक भरते. मुंबईत कमला मिल आवारातल्या गच्चीवरचे पब २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री पेटले आणि १४ जण गेले. गच्चीवरची शेड एका रात्रीत उभी राहिलेली नव्हती, पण एका रात्रीत सगळ्यांना दिसली. दुसऱ्याच दिवशी शहरभर हातोडे फिरले. १३ मे २०२४ ला घाटकोपरला जाहिरातीचा फलक पेट्रोल पंपावर कोसळला, १७ माणसं मेली. मर्यादा चाळीस बाय चाळीस फुटांची, फलक त्याच्या कित्येक पट. जागा लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातली, परवानगी त्यांची, आणि महापालिकेचं म्हणणं की आमची परवानगी घेतलीच नव्हती. मुंबईत जाहिरात फलक आणि फेरीवाले दोन्ही अनुज्ञापन खात्याच्याच अखत्यारीत येतात. पदपथावरची टोपली ज्या खात्याला शंभर पावलांवरून दिसते, त्याला हमरस्त्यालगतचा तो फलक हद्दीबाहेर वाटला. टोपली कुणाची हे विचारावं लागत नाही. फलक कुणाचा हे विचारल्यावर उत्तर येण्याची भीती असते.

तेव्हा महोदय, देखरेख जरूर ठेवा. दौरा काढा, फुटपाथवर उभं राहून फोटो काढा, 'फेरीवालामुक्त वॉर्ड' म्हणा. आणि सणासुदीला त्याच गाडीवाल्यांकडून मंडळाची वर्गणीही घ्या, परंपरा मोडू नये. फक्त सभागृहात तीन प्रश्न चुकूनही विचारू नका. एक, पथविक्रेता समितीच्या बैठका कधी झाल्या, त्यांची इतिवृत्तं पटलावर ठेवा. दोन, गेल्या वर्षी जप्त केलेल्या नाशवंत मालापैकी किती माल त्याच दिवशी परत गेला, त्याची नोंदवही दाखवा. तीन, त्रुटीत काढलेले अर्ज किती, आणि प्रत्येकाला सगळ्या त्रुटी एकाच वेळी लेखी कळवल्या की एकेक करून.

या तीन प्रश्नांना खर्च नाही, निधी लागत नाही, निविदा नाही, भूमिपूजन नाही. त्यामुळेच ते घातक आहेत. उत्तर मिळणार नाही याची व्यवस्था खातं करील. प्रश्न विचारला जाणार नाही, एवढं आपण पाहायचं आहे.

कळावे, लोभ प्रलंबित ठेवावा.

आपला नम्र,
एक निवृत्त अनुज्ञापन निरीक्षक