नरांना नोकरी, माद्यांना नारळ

आंजर्ल्याच्या वाळूत कासवीण अंडी घालते, तर आपण महोत्सव भरवतो. त्याच गावच्या हापूसमध्ये फळमाशी अंडी घालते, तिच्या वाट्याला मात्र फवारणी. तशी तीही लेकुरवाळीच. सालीवर सुईच्या टोकाएवढी खूण, आणि पेटी उघडेपर्यंत आत अळ्यांचा संसार. फळमाशीसारख्या किडी सापडल्या म्हणून युरोपने भारतीय आंब्याला दार लावलं ते 1 मे 2014 ला, ऐन महाराष्ट्र दिनी. उघडलं पुढच्या वर्षी.

दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा बागायतदारांना ठाऊक आहे. त्यात मिथाईल युजेनॉल, जे तुळशीतही असतं. वासाला भुलून नर आत शिरतो नि मरतो. फळाला डंख मारणारी मादी तिकडे ढुंकूनही बघत नाही! नर संपले की तिची अंडी फुकट, एवढाच हिशेब.

दुसरा हिशेब असा: नर मारू नका, वांझ करून सोडा. जपानने ओकिनावातून काकडी-दुधीवरची फळमाशी 1993 पर्यंत अशीच हद्दपार केली. पण लाखो कोषांतून नेमके नर निवडायचे कसे? 2021 मध्ये संशोधकांना कोषाचा रंग ठरवणारं जनुक तीन फळमाश्यांत सापडलं, आपली आंबेवालीही त्यात आली. ते बंद पाडलं की तपकिरी कोष पांढरा होतो. धडधाकट जनुक फक्त नराच्या गुणसूत्राला जोडता आलं, की रंग बघून नरांना नोकरी, माद्यांना नारळ. ‘मुलगाच हवा’ हा हट्ट कुणाच्या तरी कामी येईल.

जनुकाला हात लावला म्हटलं की घाबरणारे लोक मोहोरापासून फवारलेला आंबा मात्र बिनदिक्कत चोखतात. वांझ नराला वंश नाही, तो आपल्याच जातीच्या मादीकडे जातो; कीटकनाशक मधमाशीलाही सोडत नाही. पिढ्यान्‌पिढ्या पसरत जाणारा बदल कुणी सोडायला निघालं तर जरूर आडवे पडा, मीही येतो. पण वांझ नराला कशाला अडवायचं?

जालन्याजवळ दावलवाडीत जनुक बदललेल्या डासांच्या पिंजऱ्यातल्या चाचण्या 2017 मध्ये जाहीर झाल्या. अशा कीटकांसाठी केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आल्या 2023 मध्ये. उकाड्यात अंड्याची माशी व्हायला तीनेक आठवडे पुरतात. सरकारी फाईल त्या मानाने बरीच दीर्घायुषी.