ऋतुचिकित्सक

ऋतुचिकित्सक हा मराठी मध्यमवर्गात आढळणारा प्रवासी असून तो सहसा प्रवास करीत नाही. स्वतःच्या गाडीने कन्याकुमारी ते काश्मीर जायचे, हे त्याचे पक्के ठरलेले असते. कोणत्या महिन्यात निघायचे, एवढेच तेवढे ठरायचे राहिलेले असते. पुणे, ठाणे, नाशिक येथील सोसायट्यांत दर इमारतीमागे याचा एक तरी नमुना सापडतो. वय पंचेचाळीस ते साठ. नोकरी बँकेत, विमा कंपनीत किंवा पाटबंधारे खात्यात.

त्याची गाडी कव्हर घालून उभी असते. डिकीत पंक्चर किट, हवा भरायचा छोटा पंप, जंपर केबल आणि टोइंगचा दोर असतो. चारही वस्तू दुकानातून आणलेल्या प्लास्टिकच्या वेष्टनात. इतरांच्या भिंतीवरच्या कालनिर्णयावर दुधाचे खाडे आणि सिलिंडरच्या तारखा असतात. याच्या कालनिर्णयावर तीन रंगांच्या खुणा असतात. धुक्याला लाल, पावसाला निळा आणि निघण्याजोग्या दिवसांना हिरवा. हिरव्या पेनाची रिफील वर्षानुवर्षे पुरते.

त्याचा अभ्यास मात्र खोटा नसतो. श्रीनगरहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ जम्मू, दिल्ली, आग्रा, झाशी, नागपूर, हैदराबाद, बंगळूर, मदुराई करीत कन्याकुमारीला पोचतो. लांबी सुमारे ३,७०० किलोमीटर. चौतिसाव्या अक्षांशापासून आठव्यापर्यंत पसरलेल्या या रस्त्यावर सगळीकडे एकाच वेळी चांगली हवा असावी, अशी ऋतुचिकित्सकाची माफक अपेक्षा असते.

वर्षाची छाननी तो जानेवारीपासून करतो. जानेवारीत दक्षिण सुरेख असते, पण पंजाबपासून आग्र्यापर्यंत धुके. पुढच्या ट्रकचा लाल दिवा दिसेपर्यंत ट्रकच आलेला असतो. फेब्रुवारीत धुके विरते, पण जम्मू-श्रीनगर रस्त्यावर बर्फ, पाऊस आणि दरडी. मार्चमध्ये इयर एंडिंग. घरात दहावी-बारावी असेल तर विषयच संपला. एप्रिल-मे काश्मीरसाठी उत्तम, पण तिथे पोचायला नागपूर, झाशी, ग्वाल्हेर ओलांडावे लागते आणि तिथे पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो. उन्हाने टायरमधली हवा प्रसरण पावते, हे तो लिफ्टमध्ये भेटणाऱ्यालाही सांगतो.

१ जूनच्या सुमारास मान्सून केरळात येतो आणि ८ जुलैपर्यंत देश व्यापतो. या तारखा त्याला मुलांच्या वाढदिवसांपेक्षा चोख पाठ असतात. शिवाय अमरनाथ यात्रा नारळी पौर्णिमेपर्यंत चालते आणि तोवर जम्मूच्या पुढे ताफ्यांच्या वेळा सांभाळाव्या लागतात. मग गणपती. गणपतीनंतर पितृपक्ष, त्यात एवढ्या मोठ्या प्रवासाचा श्रीगणेशा कसा करायचा? पाठोपाठ नवरात्र. घट बसले, अखंड दिवा लागला, की घराला कुलूप घालता येत नाही. दिवाळीपर्यंत तामिळनाडूत ईशान्य मान्सून सुरू झालेला असतो. त्या राज्याचा वर्षाचा जवळजवळ निम्मा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्येच पडतो. तिकडे पंजाब-हरियाणात भाताचे काड जाळल्याचा धूर दिल्लीवर बसलेला. डिसेंबरात पुन्हा धुके. बारा महिने संपतात आणि नवे कालनिर्णय येते.

या छाननीत घरातली माणसे अधूनमधून भाग घेतात. रविवारी पोह्यांच्या बशा उचलता उचलता पत्नी म्हणते, “अहो, फेब्रुवारीत निघू या की. थंडी ओसरलेली असते, ऊनही चढलेलं नसतं.”

तो चष्मा कपाळावर सरकवतो. “अगं, रामबनला दरड कोसळली तर?”

“आपण रमतगमत रामबनला पोचेपर्यंत मार्च संपत येईल.”

“मार्चमध्ये मला रजा कोण देतंय?”

पत्नी बशा घेऊन आत जाते. तिने माहेरच्या लग्नाची तिकिटे फेब्रुवारीतलीच, रेल्वेची, आधीच काढून ठेवलेली असतात.

या कोड्याला उत्तर नाही असे नाही. मान्सून १७ सप्टेंबरच्या सुमारास पश्चिम राजस्थानातून माघारी फिरू लागतो आणि १५ ऑक्टोबरच्या आसपास देशातून जातो. ईशान्य मान्सून साधारण २० ऑक्टोबरला सुरू होतो. म्हणजे सप्टेंबरच्या अखेरीस श्रीनगरहून निघून परतणाऱ्या पावसाच्या मागोमाग दक्षिणेकडे उतरले, तर पुढचा पाऊस यायच्या आत कन्याकुमारी गाठता येते. धूर दाटायच्या आधी पंजाब मागे पडतो आणि धुक्याचा तर प्रश्नच नसतो. एखाद दुसरी सर लागेल, तेवढीच. हे उत्तर ऋतुचिकित्सकाने स्वतःच, नकाशावर पट्टी ठेवून शोधलेले असते. दोन दिवस तो खुशीत असतो. तिसऱ्या दिवशी त्याच्या ध्यानात येते की गाडी पुण्यात आहे. ती श्रीनगरला न्यायची तर सप्टेंबरच्या भर पावसात न्यावी लागेल. पट्टी ड्रॉवरमध्ये परत जाते.

निवृत्तीनंतर रजेची अडचण सुटते, मार्च मोकळा होतो आणि त्याच सुमारास गुडघ्यांचा सातवा ऋतू सुरू होतो.

याच्या अगदी उलट जात म्हणजे निघणारा. तो वरच्या मजल्यावर राहतो. त्याची गाडी लहान आणि जुनी असते. कंपनी मेमध्ये रजा देते म्हणून तो मेमध्येच निघतो. पहाटे चारला गाडी काढतो, अकराला मिळेल त्या लॉजवर पंख्याखाली पडतो, उन्हे कलली की पुन्हा चालू लागतो. परत आल्यावर हिंगणघाटला उन्हाने काय हाल केले, ते रंगवून सांगतो. ऋतुचिकित्सक ते समाधानाने ऐकतो. मे बाद केल्याचा त्याला सबळ पुरावा मिळालेला असतो.

गंमत अशी, की निघणाऱ्याला पहाटे चारचा सल्ला दिलेला असतो तो ऋतुचिकित्सकानेच. धुक्यात दहाच्या आधी हलू नये, घाट दिवस असेतोवर उतरावा, पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नये, टायरची हवा सकाळी टायर थंड असतानाच तपासावी, ही सगळी त्याचीच शिकवण. सोसायटीतले अर्धे लोक त्याच्या भरवशावर देश पाहून येतात. त्याची माहिती बिनचूक असते. चूक होते ती एकाच ठिकाणी: वाटेतल्या प्रत्येक अडचणीला उपाय त्याला ठाऊक असतो, पण अडचणच नसलेला महिना त्याला हवा असतो, आणि एवढ्या लांब देशात तसा महिना नाही.

म्हणून लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी आपल्या इमारतीतल्या ऋतुचिकित्सकाला जरूर भेटावे. वही-पेन न्यावे, चहा घ्यावा, सांगेल ते सारे लिहून घ्यावे. आणि त्याने “पण” म्हणायच्या आत उठावे.