जरा वाकून बघ

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये एखाद्या गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले, तर ते कुणाचे हे विचारायची आमच्या सोसायटीत पद्धत नाही. काकांचे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांचा मुक्काम बहुतेक आडवाच असतो.

‘त्यात काय आहे!’ हे काकांचं पालुपद. मिक्सर, गिझर, शेजारणीचं शिलाई मशीन, सगळ्यांची सुरुवात याच वाक्याने होते. ते कानावर पडलं की काकू स्वच्छ टॉवेल आणि चांगल्या कात्र्या उचलून कपाटात ठेवतात.

या खेपेला निमित्त झालं पुतण्याच्या गाडीचं. अलॉय व्हीलच्या आरपार लालभडक कॅलिपर दिसत होते. काका उकिडवे बसून बघत राहिले. नंतर चार दिवस मोबाइलवर अभ्यास झाला आणि पाचव्या दिवशी जिन्यात माझी शिकवणी. ब्रेम्बो ही इटलीची कंपनी, १९६१ सालची. पोर्शेला पिवळे कॅलिपर दिसले की समजायचं, आत सिरॅमिक डिस्क आहे. १९५३ साली ल मान्सची शर्यत जॅग्वारने जिंकली ती डिस्क ब्रेकच्या जोरावर.

‘‘आणि आपले कोणत्या रंगाचे, काका?’’

‘‘गंजाच्या.’’

तेही खरंच. चाकाबरोबर फिरते ती डिस्क, आणि ब्रेक दाबला की तिला दोन्ही बाजूंनी पॅडच्या चिमट्यात धरतं ते लोखंडी धूड म्हणजे कॅलिपर. दोन पावसाळे गेले की त्याचा तांबूस चिखलगोळा होतो. कुणाचं काही अडत नाही. काकांचं अडलं.

साधा ऑइलपेंट चालत नाही. घाट उतरताना ब्रेक तापले की तो काळवंडतो, पोपडे धरतो. म्हणून अडीचशे-तीनशे अंश सोसणारा स्प्रे आला. त्याच्यामागून ब्रेक क्लीनर, तारेचा ब्रश, मास्किंग टेप, गाडी टेकवायचे दोन स्टँड आणि नट नेमके किती आवळले ते सांगणारा टॉर्क पान्हा आला. एवढ्यात गॅरेजवाल्याने रंगाबरोबर गाडीची सर्व्हिसिंगही करून दिली असती. हे मी बोललो. ‘‘पण लेबर वाचलं ना!’’ काका म्हणाले. हा हिशेब करणारा माणूस तीस वर्षं बँकेत होता.

अशा माणसाला एक टॉर्च धरणारा लागतो. ते पद आमच्या मजल्यावर माझ्याकडे आहे. ‘‘टॉर्च कामावर धरतात रे, माझ्या तोंडावर नाही,’’ हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता वीज गेली तरी मला ओशाळल्यासारखं होतं.

पण खरं सांगायचं तर काम करताना माणूस बघण्यासारखा असतो. गाडी गिअरमध्ये, मागच्या चाकांना विटा. नट जमिनीवरच ढिले केले, मग जॅक. उचलल्यावर जोर लावला तर चाकच फिरतं, हे मला दोनदा सांगून झालं. चाक निघालं. तारेच्या ब्रशने गंज खरवडला आणि कानाकोपऱ्यासाठी खिशातून टूथब्रश निघाला. तो जुना नव्हता, हे काकूंना संध्याकाळी कळलं. मग परवाच्या पेपरचे तुकडे. डिस्क झाकली, पॅड झाकले, रबराची टोपणं झाकली, नटाच्या आट्यांवर टेप. झाकताझाकता त्याच पेपरातली अर्धी बातमी वाचून झाली. ब्रेक ऑइलच्या पाइपला मात्र काकांनी बोट लावलं नाही. ‘‘तिथे आपलं काम नाही. मी हौशी आहे, मूर्ख नाही.’’

रंगाचे हात पातळ द्यायचे आणि मध्ये पंधरा मिनिटं थांबायचं. इथे काकांची खरी परीक्षा. चहा पाच मिनिटांत संपला. सहाव्या मिनिटाला त्यांनी ‘वाळलाय का’ म्हणून बोट लावून बघितलं. उजव्या कॅलिपरवर तो ठसा अजून आहे, पार रेषांसकट. गाडी चोरीला गेली तर पोलिसांची सोय झाली.

चाकं चढली, नट समोरासमोरचे असे आळीपाळीने आवळले गेले, टॉर्क पान्हा ‘कट्’ म्हणाला. काकांनी शेवटी व्हील कॅप ठोकून बसवली. आमच्या काकांची गाडी साधी, लोखंडी रिमची. कॅप बसली आणि लाल रंग दिसेनासा झाला.

काकू खाली आल्या. ‘‘अहो, कुठंय लाल?’’

‘‘आत आहे.’’

‘‘मग दिवसभर केलंत काय?’’

‘‘बनियन दिसतो का कुणाला? म्हणून फाटका घालायचा?’’

यावर काकूंनी नवऱ्याच्या त्याच दिवशीच्या बनियनकडे नुसतं बघितलं.

दुसऱ्या रविवारी मागची चाकं. मागे कॅलिपर नाहीतच, ड्रम ब्रेक आहेत. ‘‘मग काय झालं? जोडी जुळायला नको?’’ म्हणून ड्रमही लाल झाले. तरी रंग उरलाच. त्यात आगीच्या बादल्या, वॉचमनचं स्टूल आणि मीटरच्या खोलीची कडी उजळून निघाली. चेअरमननी फलकावर ‘पार्किंगमध्ये रंगकामास मनाइ आहे’ अशी नोटीस लावली. काकांनी ती तक्रार न करता मान्य केली. फक्त डब्याच्या तळातल्या रंगाने ‘मनाइ’तली इ दीर्घ केली.

दसऱ्याला गाडी धुतली, झेंडूचा हार चढला. चारही व्हील कॅप काढून डिकीत. सोनं द्यायला जो येईल त्याला आपट्याचं पान नंतर. आधी, ‘‘जरा वाकून बघ.’’ पुतण्याने वाकून ‘‘भारी!’’ म्हटलं. चेअरमन वाकले, आणि उठताना त्यांना दोघांनी हात दिला. तळमजल्यावरच्या मावशींचे गुडघे गेलेले. पण काका कुणाला सोडतात? घरातून काकूंचा हातातला आरसा आणला, चाकापाशी तिरपा धरला, मला टॉर्च मारायला लावला.

‘‘दिसलं, मावशी?’’

मावशींनी चष्मा सारखा केला, आरशात नीट बघितलं. ‘‘बरं केलंस हो,’’ म्हणाल्या, ‘‘सकाळपासून टिकली अशी तिरकीच होती. एकीने सांगितलं नाही मेलीने.’’