एकाच सहीच्या दोन डिस्क

जुनी 500 जीबीची हार्ड डिस्क 1 टीबीच्या एसएसडीवर क्लोन केली की कॉम्प्युटर पळू लागतो. पण ‘न्यू फोल्डर (3)’, चार-चारदा साठवलेले लग्नाचे फोटो आणि जुना व्हायरसही सोबत येतात. वाढीव जागा पार्टिशन वाढवेपर्यंत पडीकच. दोन्ही डिस्क जोडून ठेवल्या, तर दोघींची सही (डिस्क सिग्नेचर) एकच म्हणून विंडोज एकीला ऑफलाइन बसवतं. बारामती-इंदापूरकरांना राजकारणात हा तिढा नवा नाही. 2023 मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसच्या दोन प्रती निघाल्या. 2024 मध्ये निवडणूक आयोगाने एकीला घड्याळ दिलं, दुसरीला तुतारी वाजवणारा माणूस. फरक एवढाच, इथे ऑफलाइन कुणीच बसलं नाही. सतरंज्या, कार्यकर्ते, रुसवेफुगवे दोन्हीकडे तेच. तेव्हा मतदारहो, ध्यानात ठेवा: क्लोनने फक्त प्रत निघते, साफसफाई आपल्यालाच करावी लागते.