केसांवरून गण

डॅशहाउंडचे पिल्लू घ्यायला निघालेल्या माणसाने आधी त्याच्या पाठीवरून हात फिरवावा. स्वभावाची सगळी माहिती तिथेच मिळते. लांब, रेशमी केस असतील तर देवगण: शांत, मायाळू, सोफ्याची शोभा. आखूड, तुळतुळीत केस म्हणजे मनुष्यगण: घरच्यांवर जीव, परक्यांवर संशय. दाढीमिशांसकट राठ केस निघाले तर राक्षसगण: हट्टी, खोडकर, कुंड्या उकरणारा. छत्तीस गुण जुळवत बसण्याचा वेळही वाचतो.

या विद्येत खोडा घालण्याचा प्रयत्न काही जणांनी केला. 2009 साली संशोधकांनी दाखवून दिले, की जातिवंत कुत्र्यांच्या केसांचे बहुतेक प्रकार अवघ्या तीन जनुकांतल्या फेरफारातून घडतात. एकातल्या बदलाने केस लांब होतात, दुसऱ्यातल्या बदलाने राठ, तिसऱ्यातल्या बदलाने कुरळे. लांब केसांचा गुण अप्रभावी असल्यामुळे आईबाप दोघेही तुळतुळीत असूनही एखादे पिल्लू झुबकेदार कान घेऊन जन्मते. सख्खी भावंडे, एकाच आईचे दूध, आणि गण निराळे! याहून सज्जड पुरावा कोणता हवा?

पुढे 2022 मध्ये 18,000 हून अधिक कुत्र्यांची माहिती मालकांकडून गोळा करून निष्कर्ष निघाला, की वागण्यातल्या फरकांपैकी जेमतेम 9 टक्क्यांचा उलगडा जातीवरून होतो. उरलेले 91 टक्के अर्थातच केसांत असणार. दुसरीकडे जातील कुठे?

डॅशहाउंड घडला जर्मनीत, बॅजरच्या बिळात शिरून त्याच्यावर भुंकण्यासाठी. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये देवगणी पिल्लू लिफ्टच्या आवाजावर भुंकू लागले, गादी उकरू लागले, तर खट्टू होऊ नये; शाम्पू बदलावा.

काही खटपट्या लोकांचे म्हणणे असे, की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लाला माणसे, आवाज, इतर कुत्री यांची सवय लावावी, आईबापांचे वागणे स्वतः पाहावे, रोज फिरवून आणावे. एवढी उठाठेव करायची, तर मग पैसे मोजून रेशमी केस कशाला विकत घेतले?

इतके करूनही देवगणी कुत्रा एखाद्या पाहुण्याला चावलाच, तर शास्त्रावरचा विश्वास ढळू देऊ नये. पाहुण्याला रेबीजच्या लसीसाठी दवाखान्यात न्यावे आणि वाटेत त्याचे केस निरखून पाहावेत. राठ निघण्याचा संभव दांडगा आहे.